सल्ला हवा: खाली घेतलेल्या पद्मिनीचे मागचे टायर मडगार्डला घासतात

प्रश्न
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांपासूनची 1974 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान कमी करून आणि पुढे स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतली आहे. 14 इंची, 6 जे (म्हणजे 6 इंच) रुंदीचे अलॉय आहेत, टायर 185/65. एकटा चालवतो तेव्हा काही त्रास नाही. घरची चौघं बसली आणि स्पीडब्रेकर आला की मागून खर्रर्र. उजवीकडे जास्त. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या वळणांवर तर रबराचा वास येतो. एका गॅरेजात म्हणाले, मडगार्डची कड ग्राइंडरने उडवू. मन धजत नाही. कड नीट आत दुमडून देणारं कोल्हापुरात कोणी आहे का? की आधी दुसरं काही बघावं?

प्रतिसाद 1
दादा, ग्राइंडर लावू देऊ नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत बाहेरचा आणि आतला पत्रा त्या कडेलाच स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. कड उडवली की जोड उघडा पडतो, चिखलपाणी आत शिरतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यातलं मोलाचं वाक्य म्हणजे ‘उजवीकडे जास्त’. दोन्ही चाकं सारखी, टायर सारखे, मग एकाच बाजूला का घासावं? गाडी सपाट फरशीवर लावा. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. फरक निघाला तर ॲक्सल एका बाजूला सरकलाय. मग शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचे) रबरी बुश, पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं आपल्या भोकात बसलंय का, हे सगळं तपासा. जुन्या गाडीचा पत्राही दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, म्हणून ॲक्सलपासून चासीपर्यंतचं अंतरही घ्या.

नंतर मडगार्डच्या आतून ओला चुना फासा, वाळू द्या. डिकीत आणि मागच्या सीटवर वजन टाकून एक चाक फळीवर चढेल अशी गाडी तिरकी घ्या. चुना कुठं पुसला ते बघा. बाहेरच्या कडेवर पुसला तर चाक बाहेर आलंय. वर मडगार्डच्या छताला पुसला तर गाडी गरजेपेक्षा जास्त बसते, तिथं कड दुमडून काही उपयोग नाही. उंच बंप स्टॉप (ॲक्सलला वर जाताना अडवणारा रबरी ठोकळा) घालावा लागेल, नाहीतर पाट्याला थोडी कमान परत द्यावी लागेल.

अलॉयच्या मागच्या बाजूला ईटीचा (ऑफसेटचा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा) आकडा कोरलेला असतो, तोही कळवा. तो जितक्या मिलिमीटरने कमी, तितकं चाक बाहेर. मध्ये स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) असेल तर आधी तो काढा.

प्रतिसाद 2
कागदाची बाजू सांगतो. 1974 ची गाडी म्हणजे 50 वर्षं उलटली. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. शिवाय गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. मूळ रिम आणि काढलेल्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका. चाकं पुन्हा बदलता येतात, कापलेला पत्रा मात्र परत मिळत नाही. आजोबांची गाडी आहे, जपा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चुना कडेवरच पुसला, छताचा चुना जागेवर आहे. ओळंब्याने दोन्ही बाजूंत 9 मिमीचा फरक आला आणि चासीपासून मोजलं तरी तेवढाच. शॅकलचे बुश पार गेलेत, पहारीने पाटा चक्क हलतो. स्पेसर नाही. ईटी 25.

प्रतिसाद 1
मग निम्मं उत्तर मिळालंच! 9 मिमी फरक म्हणजे ॲक्सल साडेचार मिमी उजवीकडे. उद्यमनगरात पाट्याचं काम करणारे आहेत, लेथवर बुश करून देणारेही. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला. गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या नेहमीच्या उंचीला, शॅकलचे नट शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं.

दुसरं, टायर. 185/65 ऐवजी 165/70 (पहिला आकडा टायरची मिमीतली रुंदी) घेतलेत तर प्रत्येक बाजूला सुमारे 10 मिमी सुटतात. व्यासही 596 वरून 587 मिमीवर येतो. रिमच्या रुंदीला तो टायर चालतो का आणि त्याचा लोड इंडेक्स (वजन पेलायची क्षमता) गाडीला पुरतो का, हे दुकानात विचारूनच घ्या. माझं स्पष्ट मत, पद्मिनीला रुंद टायर शोभतच नाहीत.

प्रतिसाद 3
एवढं करूनही घासलं तरच कड दुमडा, आणि तीही हबला (चाक जिथं बसतं तिथं) बसणाऱ्या रोलरने. टायर आणि कडेमध्ये दांडकं घालून गाडी ढकलतात, तसं करू देऊ नका, पत्रा लाटांसारखा उठतो. आधी कडेवरून चुंबक फिरवा. जिथं धरत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे, ती तडकणारच. हीट गनने रंग हाताला चांगला गरम लागेल इतका तापवून थोडं थोडं दाबायचं, एका दमात नाही. दुमडलेल्या घडीत सीलंट भरून वर अंडरबॉडी कोटिंग द्या.

पुढची चाकंही दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ब्रेकचा होज कुठं घासत नाही ना ते पाहा. आणि सध्याच्या मागच्या टायरची बाहेरची कड हाताने चाचपा. आतले धागे दिसत असतील तर तो टायर घाटात नेऊ नका, आजच काढा.