मदत हवी आहे: कॉलेज वाढलं, विद्यार्थी सहाय्य मात्र रजिस्टरातच

शेवटचा_तास

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात मराठी शिकवतो. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे ९०० मुलं होती, आता २१०० आहेत. विज्ञान शाखा आली, बीसीए आलं, सायकल स्टँडवर पत्रे टाकून दोन वर्ग काढले. कायम शिक्षक मात्र वाढले नाहीत, उलट दोघे निवृत्त झाले. निम्म्याहून जास्त तास सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक, घेतात. यंदा प्राचार्यांनी विद्यार्थी सहाय्य समिती आणि शिक्षक प्रशिक्षण, दोन्ही माझ्या गळ्यात घातलं. नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन, जवळ आलंय आणि त्यातल्या याच विषयांच्या, निकष ५ व ६ च्या, फायली हडकुळ्या आहेत, एवढंच कारण.

फाईल जाड करायला मला येतं. अडचण वेगळी आहे. प्रथम वर्ष बीएची एक मुलगी दिवाळीनंतर यायची बंद झाली. मेंटॉर-मेंटी (पालक शिक्षक आणि त्याला नेमून दिलेले विद्यार्थी) रजिस्टरात तिच्या नावापुढे जानेवारीतही ‘समुपदेशन केले’ अशी नोंद आहे आणि खाली सही. सही माझीच. ७२ मेंटी आहेत माझ्याकडे. एका दुपारी सगळे रकाने भरून मोकळा झालो होतो. तिच्या गावच्या मुलींकडून नंतर कळलं, बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता पैसे पडतात. ६६.६६ टक्के सवलत आहे हो, पण उरलेले तरी दर महिन्याला कुठून काढायचे? धाकटा भाऊ अकरावीला, त्याचा पास आधी निघाला.

ओरिएंटेशन, रिफ्रेशर, शिक्षकांचे सगळे प्रशिक्षण वर्ग केलेत मी. संशोधन पद्धती, पीपीटी आणि शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो. गप्प झालेल्या मुलीला काय विचारायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर विचारायचं असं: समुपदेशक नेमायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या संस्थेला कसं पटवायचं? आणि प्रशिक्षणाला सीएचबीवाल्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? त्यांना पगार तासाचा, प्रशिक्षणाचा नाही.

वकिलीण_बाई

पटवायची गरज नाही सर, दाखवा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला होता, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. शिवाय शिक्षक आणि शिक्षकेतर, सगळ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण, तेही या क्षेत्रातल्या प्रमाणित माणसांकडून. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक आहे. निकालाची प्रत काढा आणि अर्जाला जोडून आवक क्रमांक घ्या. आवक क्रमांक विसरू नका.

फॉर्म_खिडकी

मी लिपिक. ‘शिक्षकेतर’ हा शब्द वाचून बरं वाटलं, आम्हाला कुठल्या कार्यशाळेत चहा वाटण्यापलीकडे बोलावत नाहीत. मुलगा गळणार हे आधी आमच्या खिडकीवर कळतं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा, फॉर्म मंजूर होतो, पण खात्याला आधार जोडलेलं नसतं. किंवा पोर्टलवर जाऊन मंजूर रक्कम रिडीम करायची, म्हणजे मागून घ्यायची असते हे पोरांना माहीतच नसतं, ती वाट बघत बसतात. मग एक दिवस टीसी मागायला येतात. टीसीचा अर्ज आला की मेंटॉरला फोन करायचा, एवढी एक सवय लावली तरी पुष्कळ.

पासाचं म्हणाल तर आगारात मुलांची यादी द्या. २०२५ च्या जूनपासून एसटीवाले पास शाळा-कॉलेजात आणून देतात. पैसे माफ होत नाहीत, पण रांगेतला दिवस वाचतो.

सीएचबी_वर्ष_सातवं

सर, राग मानू नका. मुलं आमच्याशी जास्त बोलतात, कारण संध्याकाळी स्टँडवर त्यांच्याबरोबर आम्हीच उभे असतो. मला तीन जणांच्या घरची परिस्थिती माहीत आहे, पण मेंटॉरच्या यादीत माझं नाव नाही, कारण मी ‘कायम’ नाही. प्रशिक्षण मे महिन्यात ठेवाल तर आम्ही नसू, तोवर आमचा हिशेब झालेला असतो. चालू सत्रात, आमचे तास असतील त्याच दिवशी ठेवा आणि ते तास मस्टरवर धरा. रविवारी बोलावून प्रमाणपत्र देऊ नका. प्रमाणपत्रं आहेत, पिशवीभर.

निवांत_कट्टा

समुपदेशक येईपर्यंत दोन गोष्टी फुकट आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. प्रत्येक वर्गात फळ्याशेजारी लावा. दुसरं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाला पत्र द्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं कॉलेजात येऊन सत्र घेतात. आणि कृपा करून व्याख्यान नको. दोन शिक्षक समोरासमोर बसवा, एक विद्यार्थी होईल, दुसऱ्याने फक्त ऐकायचं, पाच मिनिटं सल्ला द्यायचा नाही. आमच्याकडे पहिल्या मिनिटालाच सगळे ‘अभ्यास कर, सगळं ठीक होईल’वर आले होते.

शेवटचा_तास

सगळ्यांचे आभार. अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. प्राचार्य प्रत उलटसुलट करून म्हणाले, ‘निकष ५ मध्ये बसेल ना?’ बसेल म्हटलं. सीएचबीचे तास धरायला लेखापाल तयार नाहीत अजून, तिथे भांडतोय. मेंटॉरच्या यादीत मात्र अकरा सीएचबी शिक्षकांची नावं त्यांना विचारून घातली, माझे ७२ चे ३८ झाले.

त्या मुलीच्या घरी फोन केला. वडिलांनी उचलला. पासाचं बघू म्हटलं तर म्हणाले, ‘आता स्थळं बघतोय सर, कशाला पास.’ मी ‘बरं’ म्हणून ठेवून दिला. दोन दिवस तेच डोक्यात आहे. पुन्हा फोन करायचाय. अशा वेळी वडिलांशी सुरुवात कुठून करतात, कुणी केलं असेल तर सांगाल का? की आधी मुलीशीच बोलावं, आणि तिच्याकडे स्वतःचा फोन नसेल तर कसं?