पुनर्लेखन हवे, पण तिच्याच हातून

मुलींच्या लेखनाला मुळीच हात लावू नये, पहिला खर्डा जसा उतरेल तसाच राहू द्यावा, असे काहींचे म्हणणे असते; ते मला निम्मेच पटते. लाल शाईने आवाज दबतो हे खरे. पण पहिल्या खर्ड्यात बहुधा शाळेच्या निबंधाची घोटीव भाषाच असते. आमच्या लेखनगटातील चौदा वर्षांच्या एका मुलीने बहिणीशी झालेल्या भांडणाविषयी लिहिताना ‘प्रत्येकालाच कधी ना कधी एकटे वाटते’ असे वाक्य लिहिले होते. मी काहीही न सुचवता तिला ते मोठ्याने वाचायला सांगितले. ती अडखळली, तिने ते खोडले आणि वरच्या जागेत बारीक अक्षरात लिहिले, ‘दार मीच लावून घेतले होते, पण कोणी ठोठावले नाही.’

अ‍ॅन फ्रँक या दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची रोजनिशी उत्स्फूर्त लेखनाचा नमुना म्हणून पुढे केली जाते, मात्र २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून होणाऱ्या डच रेडिओ प्रक्षेपणात युद्धकाळातील रोजनिश्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन ऐकल्यानंतर, त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने स्वतःच ती सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. काही मजकूर गाळला, काही वाढवला, आणि सोबत राहणाऱ्यांसाठी टोपणनावांची यादीही केली. ही टोपणनावांची मुभा मी आता पहिल्याच दिवशी देते, कारण घरातले कोणी वाचेल ही धास्ती या वयात शुद्धलेखनाच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठी असते.