आकाश लख्ख, पण गुरू उकळत्या पाण्यात! दुर्बीण बिघडली की हवा?

डॉबवाला_नवखा
डोकं फिरलंय माझं. दोन दिवस पाऊस पडून गेला आणि काल आकाश धुऊन काढल्यासारखं. व्याध तर लाल-निळा-हिरवा नुसता लखलखत होता. ८ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) बाहेर काढली, ८ मिमीचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावलं (१५० पट), आणि गुरू बघतो तर ओढ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा! पट्टे क्षणभर जुळायचे, लगेच विरघळायचे.

पंधरा दिवसांपूर्वी हवा इतकी धुरकट होती की नुसत्या डोळ्यांनी वीसएक तारे दिसले असतील. पण त्या रात्री याच आयपीसमधून गुरूच्या आयो या चंद्राची सावली गुरूवरून सरकताना पाहिली, शाईच्या टिपक्याइतकी काळीभोर. मधल्या काळात आरसा काढून धुतला. तिथेच घाण केली का मी? कालपासून तीनदा कोलिमेशन (स्क्रू फिरवून आरसे एका रेषेत आणणं) केलंय.

रात्रपाळी
त्या स्क्रूंना सोडा आता. व्याध रंग बदलत होता हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर त्यातच आहे. पारदर्शकता (हवा किती स्वच्छ) वेगळी, सीइंग (हवा किती स्थिर) वेगळं. पावसानं धूळ धुतली गेली म्हणून मंद तारेही दिसले. पण मागून थंड हवा घुसली की गरम-थंड थर घुसळतात, आणि हवेचा प्रत्येक गोळा प्रकाशाला जरा वेगळा वाकवतो. हे गोळे साधारण १० सेंमीचे धरा. डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी, म्हणून नुसत्या डोळ्यांना तारा फक्त लुकलुकताना दिसतो. तुमच्या २०० मिमी आरशासमोर मात्र एका वेळी तीन-चार गोळे येतात आणि प्रतिमेच्या चिंध्या होतात. तुमचा आरसा खरं तर ०.६ विकलांपर्यंतचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील दाखवेल, पण हवा बहुतेक रात्री २-३ विकलांवरच अडवते.

धुरकट रात्री उलटं असतं. हवा ठप्प, म्हणून धूळ अडकलेली आणि म्हणूनच थर शांत. ग्रहांना ती चालते. लोक अशा रात्री दुर्बीण बाहेरच काढत नाहीत, मला फार वाईट वाटतं.

गुरू किती वर होता? क्षितिजापासून ३० अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवा ओलांडावी लागते.

चष्मेवाली
दादा, सगळं आभाळावर ढकलू नका! दुर्बीण घरातून काढून लगेच डोळा लावलात ना? आरसा कोमट आणि बाहेरची हवा गार असली की नळीतच वाफाळल्यासारखं होतं. आरशाला तास-दीड तास द्या. मग एक तेजस्वी तारा जरा फोकसबाहेर काढून बघा. त्या गोल चकतीत धुरासारखे लोट सावकाश हलत असतील, तर दोष नळीतल्या हवेचा. रेघोट्या एकाच दिशेनं सुसाट पळत असतील, तर ते वरचं वारं. लोट कसा दिसतो ते कळत नसेल, तर नळीच्या तोंडापुढे हात धरा. हाताच्या उबेचा लोट चकतीत लगेच दिसतो.

डॉबवाला_नवखा
पकडलंत ताई. दहा मिनिटंसुद्धा थांबलो नव्हतो. आणि गुरू शेजारच्या छपराच्या जेमतेम वर होता, तेही दिवसभर तापलेलं.

आज दुर्बीण संध्याकाळीच बाहेर ठेवली, दोन तासांनी तारा फोकसबाहेर काढला. लोट नाहीत! पण रेघोट्या डावीकडून उजवीकडे धावतच होत्या. हात धरून पाहिला, बोटांतून खरंच धूर निघाल्यासारखा दिसतो, पोरांना बोलावून दाखवला.

रात्रपाळी
मग वारा वरचा, बहुधा दहाएक किलोमीटरवरचा जेट प्रवाह. त्याला इलाज नाही. गुरूचा नाद सोडा आणि ३० मिमी लावून देवयानीकडे वळा. ४० पटीत सीइंगचं काही अडत नाही, आणि पारदर्शकता तर तुमच्याकडे भरपूर आहे.

डॉबवाला_नवखा
वळलो. देवयानी दीर्घिकेच्या दोन छोट्या सोबती दीर्घिकांपैकी एम३२ लगेच सापडली. दुसरीसाठी, एम११० साठी, नजर जरा बाजूला ठेवून बघावं लागलं, पण दिसली, आयुष्यात पहिल्यांदा! मग सगळं अंधुक होत गेलं. म्हटलं ढग आले. वर बघतो तर आकाश स्वच्छ, आयपीसवर दव. आत येऊन केस वाळवायचा ड्रायर शोधतोय.