मुळा नदी एकच, मग पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे आराखडे दोन कशाला?

नदीकाठचा:
औंध-सांगवीच्या मधे उभं राहा, एका काठाला पुणे मनपा, समोर पिंपरी-चिंचवड. दोघांचेही नदीकाठ सुधारायचे प्रकल्प वेगवेगळे, पण एका काठाला भराव टाकला की पाणी समोरच्या दारात शिरणार हे बांध घालणारा शेतकरीपण सांगेल. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला दोनेक तासांत दीडशे मिमीच्या आसपास पाऊस पडला, तळघरं भरली, तर त्यांनी २०१२ मध्ये ढगफुटीचा आराखडाच केला, बागा आणि रस्ते पाणी धरतील असे खोलगट केले, एंगहावेपार्केन नावाच्या एका जुन्या बागेत आता दोन कोटी लिटरहून जास्त पाणी मावतं. आणि २०१५ पासून हेच सगळं ते न्यूयॉर्कसोबत मिळून करतायत. सहा हजार किमीवरची दोन शहरं एकत्र बसतात, आपल्याला नुसता पूल ओलांडायचाय!

बाणेरकर:
अजिबात पटलं नाही. कोपनहेगनच्या डोक्यावर धरणं नाहीत, आपल्या डोक्यावर मुळशी, पवना, खडकवासला. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. तुमची ती बाग वीस-बावीस सेकंदांत भरेल. मग पुढे?

नदीकाठचा:
हिशोब बरोबर आहे, मान्य. पण बाग धरणाचं पाणी अडवायला नसतेच, ती ओढ्या-नाल्यांच्या पाण्यासाठी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा फुगला, माणसं गेली, तो पावसानेच ना? आणि धरणाच्या पाण्याला लागते जागा. म्हणून तर म्हणतोय की पात्र कोणीच अरुंद करू नका, आणि पाटबंधारे खात्यालाही त्याच टेबलाशी बसवा.

सांगवीची:
आमची जुनी सांगवी मुळा आणि पवनेच्या बेचक्यात, दोन्हीकडून पाणी. एका पावसाळ्यात पाणी पायरीला लागलं म्हणून फोन केला तर उत्तर काय, समोरच्या काठाचं काम आमच्याकडे येत नाही. मी पाणी काठ बघून थांबवू का? एकच पूररेषा, एकच नकाशा, एकच फोन नंबर, एवढं जरी दोघांनी मिळून केलं तरी मला पुष्कळ आहे.

रोखठोक:
ताई, तुमचं दुःख खरंय, पण एकत्र समिती म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही, हे मी नोकरीत वर्षानुवर्षं बघितलंय. आत्ता निदान कुणाला जाब विचारायचा ते तरी कळतं. आणि आधी मैलापाणी बघा, दोन्ही शहरांचं न शुद्ध केलेलं पाणी भीमेतून उजनी धरणात जातं, ते थांबेपर्यंत काठावर एक फरशीसुद्धा बसवू नये.

सांगवीची:
फरशी नकोच आहे मला. पण दादा, उजनीत जाणाऱ्या पाण्यात कुठलं पुण्याचं आणि कुठलं पिंपरीचं ते वेगळं करून दाखवा, मग जाब कुणाला विचारायचा ते बोलू.