पापणीवरचे पिवळे चट्टे नुसत्या गोळीने जातात का?

चष्मेवाली:
दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला पिवळे चट्टे आलेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. स्किनच्या डॉक्टरांनी झँथेलाझ्मा सांगितलं. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२ निघालं, म्हणून ते कमी करणारी अटोर्व्हास्टॅटिन गोळी सुरू झालीय. त्यानेच चट्टे जाणार असतील तर लेझरच्या भानगडीत कशाला पडू? कुणाचे गेलेत का?

जुनं_खोड:
माझे नाही गेले. रोझुव्हास्टॅटिनने एलडीएल निम्म्यावर आलं, चट्टे मात्र ठाण मांडून. वाढायचे थांबले, एवढंच. रक्तातलं कोलेस्टेरॉल कातडीत झिरपतं आणि तिथल्या पेशी ते गिळून बसतात. गोळीने नवी आवक घटते, आत साठलेलं सहसा हलत नाही. काहींचे फिकट होतात म्हणे, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात.

तरी आरशात फरक दिसत नाही म्हणून गोळी सोडू नका! कोपनहेगनमध्ये बारा हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. असे चट्टे असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त आढळला, कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा काढूनही. गोळी हृदयासाठी आहे. चट्ट्यांचं बघायला टीसीए (डॉक्टर लावतात ते अ‍ॅसिड), लेझर नाहीतर छोटं ऑपरेशन.

मी टीसीए लावून घेतलं. चांगलंच चुरचुरलं, खपली धरली, पडली. एक चट्टा पुन्हा डोकं वर काढतोय. सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो, ते आधीच विचारा. आणि कुणी लसूण चोळायला सांगितलं तर हात जोडा. पापणी भाजते त्याने.

गालफुगी:
माझेही पिवळटच, पण कपाळावर आणि गालावर, बारीक पुळ्यांसारखे, मधोमध खळगा. तेलग्रंथी वाढलेल्या निघाल्या. आयसोट्रेटिनॉइनने बसल्या, गोळी थांबवल्यावर हळूहळू परतल्या. 'पिवळ्या डागांवर गोळी' असं वाचून ती मागू नका हं. तिने कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड उलट वाढू शकतं, आणि गरोदरपणात तर ती अजिबात चालत नाही.

जुनं_खोड:
चष्मेवाली, थायरॉइड तपासलंय का? ते मंद असलं तरी एलडीएल चढतं. माझ्या बहिणीचं तेच निघालं होतं.

चष्मेवाली:
नाही, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) कुणी सांगितलीच नव्हती. पुढच्या रक्ततपासणीत करून घेते. लेझरचं त्यानंतर बघू. आणि लसूण आईने कालच सुचवलाय!