हक्क मान्य, तरी नेमणूकपत्र नाही? मारबरीचा निकाल मला पटत नाहीये

नांदेडची विद्यार्थिनी:
एलएलबीचं पहिलं वर्ष. न्यायिक पुनर्विलोकनाच्या (कायदा संविधानात बसतो का हे कोर्टाने तपासण्याच्या) टिपा काढताना मारबरी विरुद्ध मॅडिसन हा अमेरिकेतला खटला वाचला आणि तीन दिवस तिथेच अडकलेय. अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट म्हणतं, मारबरीचा नेमणुकीवर हक्क आहे, हक्क डावलला तर कायद्यात दादही आहे. पुढच्याच पानावर म्हणतं, ती दाद आम्ही देऊ शकत नाही. मग तो जिंकला की हरला? आणि यात कोर्टाची ताकद वाढली कुठे?

बार्शीकर वकील:
हरला. जस्टिस ऑफ द पीसचं, म्हणजे किरकोळ खटले ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याचं, ते पाच वर्षांचं पद त्याला कधीच मिळालं नाही.

आधी तो कागद डोळ्यांसमोर आणा. मार्च १८०१. अमेरिकेचे अध्यक्ष अ‍ॅडम्स पायउतार होतायत. नेमणूकपत्रांवर त्यांची सही झाली, परराष्ट्रमंत्र्याने शिक्का मारला. हा परराष्ट्रमंत्री म्हणजे जॉन मार्शलच, आणि तेव्हा तो सरन्यायाधीशही होता! त्याचा भाऊ जेम्स काही पत्रं पोचवायला निघाला, पण सगळी नेणं जमेना म्हणून त्यातली काही परत ठेवून गेला. हे त्याने पुढे प्रतिज्ञापत्रावर सांगितलंय. ४ मार्चपासून नवे अध्यक्ष जेफरसन यांचं राज्य. त्यांनी न पोचलेली पत्रं अडवली.

मारबरीने डिसेंबर १८०१ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात परमादेश, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा हुकूम, मागितला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून कोर्टाचं १८०२ चं जूनचं सत्रच रद्द केलं. निकाल लागला २४ फेब्रुवारी १८०३ ला. न्यायमूर्ती चेस आजारी, म्हणून कोर्ट स्टेल्स हॉटेलच्या दिवाणखान्यात बसलं होतं.

आता ताकदीचं. पत्र द्या असा हुकूम काढला असता तर जेफरसनचा परराष्ट्रमंत्री मॅडिसनने तो बहुधा पाळला नसता, आणि कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी. मार्शल म्हणाला, १७८९ च्या न्यायालयांविषयीच्या कायद्याचं कलम १३ आम्हाला थेट परमादेश काढायचा अधिकार देतं. पण संविधानाने आमचं मूळ अधिकारक्षेत्र (खटला थेट आमच्याकडेच सुरू करता येण्याचं) मोजक्याच प्रकरणांपुरतं ठेवलंय, आणि काँग्रेस ते वाढवू शकत नाही. म्हणून कलम १३ एवढ्यापुरतं रद्द. जेफरसनच्या हाती पाळायला किंवा मोडायला हुकूमच उरला नाही, आणि कायदा संविधानाशी ताडून पाहणं हे कोर्टाचं काम, हे मात्र निकालात कायमचं लिहिलं गेलं.

निवृत्त नाझर:
वकीलसाहेब, अधिकारक्षेत्र नसेल तर आपल्याकडे प्लेंट (दाव्याचा अर्ज) परत करतात, गुणदोषावर अवाक्षर लिहीत नाहीत. मार्शलने आधी पानंच्या पानं हक्कावर लिहिली आणि अधिकारक्षेत्र शेवटी काढलं. शिवाय स्वतःच मारलेल्या शिक्क्याचा खटला. त्याने बाजूला व्हायला हवं होतं.

बार्शीकर वकील:
दोन्ही मुद्दे मान्य. मी तर म्हणेन, कलम १३ चा अर्थही त्याने ताणला. जिथे कोर्टाला मुळात अधिकारक्षेत्र आहे तिथे परमादेशही काढता येईल, असा साधा अर्थ लावता आला असता. तरीही पुढचा युक्तिवाद मला आजही हलवतो: संविधान लिहून ठेवलं ते मर्यादा घालायला, साध्या कायद्याने ती ओलांडता येत असेल तर लिहिलं कशाला?

ताई, याची दुसरी बाजू आपल्याच घरात आहे. १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यात आपले पहिले सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी नोंदवलं की आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ चे, मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरवणारे खंड केवळ जास्तीची खबरदारी म्हणून घातलेले दिसतात. ते नसते तरी मूलभूत हक्क मोडणारा कायदा अवैध ठरवण्याचा अधिकार कोर्टाला होताच. प्रतिबंधक स्थानबद्धता (खटल्याशिवाय आधीच अटकेत ठेवण्याच्या) कायद्याचं कलम १४ त्याच निकालात पडलं.

नांदेडची विद्यार्थिनी:
सर, मग मारबरी आज नांदेडला असता तर?

बार्शीकर वकील:
अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठात रिट अर्ज. तिथे परमादेश मागायला त्याला कुणी अडवलं नसतं. दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात, थेट जायचं तर अनुच्छेद ३२, आणि त्यासाठी मूलभूत हक्काचा भंग दाखवावा लागतो. अडलेली नेमणूक त्यात कशी बसवाल ते लिहून पाहा आणि इथे टाका, मी वाचतो.