व्हर्जिनियातल्या कार्टर घराण्यापर्यंत सासूबाईंची वंशावळ कशी जोडायची?

व्हर्जिनियाची_सून

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांच्या कागदपत्रांवर कुणी काम केलं असेल तर मदत हवीय. माझा नवरा अमेरिकन, त्याच्या आईचं माहेरचं आडनाव कार्टर. त्यांच्या घरात पहिल्यापासून सांगतात की आपण 'किंग' कार्टरचे वंशज, म्हणजे तो रॉबर्ट कार्टर, व्हर्जिनियाच्या लँकेस्टर काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तंबाखूचा जमीनदार, १७३२ साली वारला तेव्हा जवळपास तीन लाख एकर जमीन आणि हजाराच्या आसपास गुलाम केलेली माणसं त्याच्या मालकीची होती. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना हे खरं की खोटं ते कागदावर बघायचंय, खोटं निघालं तरी चालेल म्हणतात.

आमच्याकडे पक्कं काय आहे तर सासूबाईंच्या पणजोबांपर्यंत सगळं जुळतं. त्यांचा जन्म केंटकीतला, १८५० च्या जनगणनेत ते लहान मूल म्हणून आईवडिलांच्या घरात दिसतात आणि वडिलांच्या नावापुढे जन्मस्थान व्हर्जिनिया लिहिलंय. बस, त्याच्या वर काहीच नाही. ऑनलाइन वंशावळींची झाडं बघितली तर तिथे लोकांनी या माणसाला थेट किंग कार्टरचा मुलगा, सबाइन हॉल मळ्याचा लँडन कार्टर, याच्या नातवाला जोडून टाकलंय, पुरावा कुठेच नाही, एका झाडात तर आई मुलापेक्षा फक्त नऊ वर्षांनी मोठी आहे आणि तेच झाड पुढे सगळ्यांनी कॉपी केलंय.

दुसरं म्हणजे सासूबाईंचं म्हणणं आहे की वंशावळ करायचीच तर त्या मळ्यांवर राबलेल्या माणसांची नावंही त्यात यायला हवीत, नुसती मालकांची नकोत. मला ते मनापासून पटतं पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

दप्तरखाना

ताई, किंग कार्टरला सध्या बाजूला ठेवा. वरून खाली यायला लागलात की हमखास चुकीच्या फांदीवर जाता, कारण त्या घराण्यात जॉन, रॉबर्ट, चार्ल्स, लँडन हीच नावं प्रत्येक शाखेत फिरून फिरून येतात. एकाच काळात इतके चार्ल्स कार्टर होते की लोक त्यांना मळ्याच्या नावाने ओळखायचे, क्लीव्हचा चार्ल्स वेगळा आणि शर्लीचा चार्ल्स वेगळा, त्यात परत शर्लीच्या चार्ल्सची पहिली बायको ही क्लीव्हच्या चार्ल्सची मुलगी, म्हणजे चुलत्याचीच मुलगी केलेली. त्या काळच्या कागदात कुणापुढे ज्युनियर दिसलं तरी तो सीनियरचा मुलगाच असेल असं नाही, गावात त्याच नावाचा वयाने मोठा दुसरा माणूस असला तरी लिहायचे.

तुमचा खरा माणूस म्हणजे तो व्हर्जिनियात जन्मून केंटकीत आलेला बाप. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीचे सगळे नुसते आकडे, आणि व्हर्जिनियाच्या १७९० आणि १८०० च्या जनगणनेचे मूळ कागद तर जवळजवळ सगळे गेलेच आहेत, त्यामुळे जनगणनेच्या मागे लागून काही हाती येणार नाही. कराच्या याद्या बघा. केंटकीत १७९२ पासून काउंटीवार कराच्या याद्या आहेत, व्हर्जिनियात १७८२ पासून, आणि त्या दरवर्षीच्या आहेत हे महत्त्वाचं. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की त्याचं नाव यादीत येतं, बाप वारला की नावापुढे इस्टेट लागतं, आणि माणूस गाव सोडून गेला की एका काउंटीतून नाव गायब होऊन दुसरीकडे उगवतं. केंटकीत तो पहिल्यांदा कुठल्या वर्षी दिसतो, त्याच्या शेजारी कोण कोण आहेत आणि ते कुठून आलेत ते बघा, कारण ही मंडळी एकेकटी जायची नाहीत, मेहुणे-साडू-शेजारी सगळा गोतावळा मिळून जायचा.

मग मूळ काउंटी सापडली की तिथली मृत्युपत्रं, खरेदीखतं, कोर्टाची ऑर्डर बुकं म्हणजे हुकुमांच्या वह्या. आणि ताई, चॅन्सरी कोर्टाच्या, म्हणजे वाटणी-वारसासारख्या वादांच्या, केसेस अजिबात सोडू नका. वाटणीवरून भावंडं भांडायची तेव्हा कोर्टात सगळे वारस नावानिशी मांडावे लागायचे, लग्न झालेल्या मुली, त्यांचे नवरे, केंटकीला गेलेला भाऊ, मेलेल्या बहिणीची मुलं, सगळे एका कागदावर. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने यातल्या खूप केसेस स्कॅन करून फुकट ठेवल्यात, आडनावाने शोधता येतात. जमिनीचे सरकारी पट्टेसुद्धा तिथेच ऑनलाइन आहेत. फक्त रॅपाहॅनॉक आणि पोटोमॅक नद्यांमधला जो नॉर्दर्न नेक म्हणतात त्या पट्ट्याचं दप्तर वेगळं, कारण ती जमीन राजाची नसून फेअरफॅक्स घराण्याच्या मालकीची होती आणि त्यांचा कारभारी बराच काळ स्वतः किंग कार्टरच होता. एवढी जमीन त्याने कशी जमवली ते तिथे समजतं, स्वतःच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या नावावरसुद्धा पट्टे काढून दिलेत.

तारखांचं एक सांगून ठेवतो. १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांपुढे १७३१/३२ असं दुहेरी साल दिसेल. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या हिशोबाने ११ फेब्रुवारी १७३१, आणि आपण २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो, कारण कॅलेंडर बदलताना अकरा दिवसही पुढे सरकले. हे लक्षात ठेवलं नाही तर मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि चांगला पुरावा लोक फेकून देतात.

जेम्सकाठ

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. मी रिचमंडजवळ राहतो, त्यात एवढंच घालतो की कार्टर हे आडनाव मुळात गाडी हाकण्याच्या धंद्यावरून आलेलं, त्यामुळे एकमेकांशी काहीच संबंध नसलेली कार्टर घराणी व्हर्जिनियात सुरुवातीपासून आहेत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे पूर्वज आयल ऑफ वाइट काउंटीतले, किंग कार्टरशी त्यांचा संबंध नाही. आणि खुद्द लँकेस्टर काउंटीत, किंग कार्टरच्या बापाच्या काळातच, बारफर्डचा कॅप्टन थॉमस कार्टर म्हणून दुसरा माणूस होता, त्याचाही वंश पुढे खूप पसरला. गावही एक आडनावही एक म्हटल्यावर दोन्ही घराणी लोक सर्रास एकत्र करून टाकतात, मात्र त्यांचं नातं कागदावर सिद्ध झालेलं नाही.

माझं स्पष्ट मत असं की किंग कार्टरच्या मुलांचे आणि नातवंडांचे वंश इतके बारकाईने नोंदले गेलेत की तिथे अनोळखी मुलगा शिल्लक राहणं कठीण. या घराण्याची एक मुलगी अ‍ॅन बर्कलीच्या हॅरिसनांकडे गेली, तिच्या वंशात दोन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि शर्लीच्या शाखेतली अ‍ॅन हिल कार्टर ही जनरल रॉबर्ट ली यांची आई. अशा घरातला मुलगा जमीन, मृत्युपत्र, खटला यातलं काहीच मागे न ठेवता केंटकीत उगवला असं सहसा होत नाही. लँडन कार्टरच्या मृत्युपत्रात आणि त्याच्या मुलांच्या कागदात तुमचं नाव नसेल तर ती फांदी सोडून द्या.

व्हर्जिनियाची_सून

दोघांचेही खूप आभार, लगेच केंटकीच्या कराच्या याद्या काढून बघितल्या. तो माणूस १८३१ च्या यादीत पहिल्यांदा दिसतो, आणि पुढच्याच वर्षी त्याने व्हर्जिनियातली वडिलोपार्जित जमिनीतली आपली वाटणी विकल्याचं खरेदीखत मिळालं, त्यात जमीन पिट्सिल्व्हेनिया काउंटीत असल्याचं लिहिलंय!! म्हणजे लँकेस्टरपासून पार दूर, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर. खतावर त्याच्या बायकोचीही संमती आहे, तिला वेगळं बाजूला घेऊन विचारल्याची नोंद आहे. ते कशासाठी असायचं? आणि भावाकडे डीएनए टेस्टचं विचारू का असं सासूबाई म्हणतायत.

दप्तरखाना

झकास, वडिलोपार्जित वाटणी म्हणजे बापाचं घर सापडल्यातच जमा आहे. बायकोचा नवऱ्याच्या जमिनीत विधवा झाल्यावर एक तृतीयांश हक्क असायचा, तो तिने दबावाखाली सोडला नाही याची खात्री म्हणून नवऱ्यापासून वेगळं विचारायचे. बऱ्याचदा बायकोचं पाळण्यातलं नाव फक्त याच कागदावर मिळतं.

पिट्सिल्व्हेनिया १७६७ साली हॅलिफॅक्समधून वेगळी झाली, हॅलिफॅक्स १७५२ साली लुनेनबर्गमधून, आणि लुनेनबर्ग १७४६ च्या सुमारास ब्रन्सविकमधून. म्हणजे घराणं जागचं हललं नसलं तरी त्यांचे कागद चार कोर्टांत विखुरलेले असतील, प्रत्येक साल बघून त्या त्या कोर्टात शोधा.

गुणसूत्र

डीएनएबद्दल मी सांगते. सासूबाईंचे भाऊ असतील तर वाय क्रोमोसोमची टेस्ट नक्की करा, तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, आणि तुमची साखळी सगळी पुरुषांची आहे म्हणून इथे तो कामाचा. किंग कार्टरच्या पुरुष वंशातल्या माणसांशी जुळला नाही, तर बापाकडून बापाकडे असं नातं नाही एवढं कळतं. बारफर्डच्या कार्टरांशी जुळला तर शोधाची दिशाच बदलेल.

पण जुळला म्हणजे नेमका माणूस सापडला असं समजू नका. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं प्रकरण बघा, १९९८ साली त्याच्या काकाच्या, फील्ड जेफरसनच्या, पुरुष वंशजांचा वाय घेतला कारण थॉमसला लग्नाचा मुलगा जगलाच नव्हता, आणि तो थॉमसकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळला. नुसत्या त्या टेस्टवरून बाप जेफरसन घराण्यातला एवढंच म्हणता येत होतं, थॉमसच असं म्हणायला तो मॉन्टिसेलोत, म्हणजे त्याच्या मळ्यावर, कधी होता आणि मुलं कधी झाली हे नऊ-नऊ महिन्यांचे हिशोब कागदावरून जुळवावे लागले.

घरोघरी चालते ती साधी ऑटोसोमल टेस्ट (आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएची) मात्र सतराव्या-अठराव्या शतकासाठी फारशी भरवशाची नाही. दहा पिढ्या मागच्या एखाद्या पूर्वजाचा डीएनए तुमच्यात अजिबात नसणंही शक्य आहे, आणि या जमीनदारांत चुलत-आतेभावंडांत इतकी लग्नं झाली की नातं असतं त्याहून जवळचं भासतं. भावाला आधी नीट समजावून सांगा, निकालात अनपेक्षित नातेवाईक निघू शकतात.

शोधयात्री

मला सासूबाईंच्या दुसऱ्या इच्छेबद्दल लिहायचंय, आणि त्यांना माझा नमस्कार सांगा, कारण बहुतेक घरं हे विचारतच नाहीत. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात जशी लेकी-सुनांची नावं गळालेली असतात त्याहून कितीतरी जास्त यांची नावं गाळली गेलीत, आणि ती त्याच मालकाच्या कागदात पडून आहेत.

किंग कार्टर वारल्यावर १७३३ साली त्याच्या मालमत्तेची यादी झाली, त्यात एकेका मळ्यावरची माणसं नावानिशी, नवरा-बायको-मुलं अशी कुटुंबाने लिहिलीत. पण त्यातली नावं जपून वाचा. आफ्रिकेतून नुकत्याच आणलेल्या माणसांना तो स्वतः नावं ठेवायचा आणि ती त्यांच्याकडून घोकून घ्यायचा, त्याच्या पत्रातच हे आहे.

बापाचं नाव बऱ्याचदा मिळणार नाही, कारण १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणून झाड आईवरून बांधायचं. पुढे १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात या माणसांना वारसाहक्कापुरतं स्थावर मालमत्तेत धरलं, त्यामुळे मृत्युपत्रं, वाटण्या, मुलीच्या लग्नातली देणगी असल्या कागदात त्यांची नावं येतात. एखादं कुटुंब अचानक दिसेनासं झालं तर मालकाच्या कुठल्या मुलीचं त्या वर्षी लग्न झालं आणि ती कुठल्या काउंटीत गेली ते बघा, आईला ठेवून पोरगी तिकडे पाठवलेली असते. हे वाचताना फार त्रास होतो पण दुवा तिथेच मिळतो.

किंग कार्टरचा नातू नोमिनी हॉलचा रॉबर्ट कार्टर, त्याने १७९१ साली दस्त करून साडेचारशेच्या वर माणसं टप्प्याटप्प्याने मुक्त करायला घेतली, त्या दस्तात नावं, वयं आणि मळे दिलेत. ज्यांचे पूर्वज त्यात आहेत त्यांना हा कागद म्हणजे सोन्यासारखा. बाकीच्यांची वाट १८७० ला अडते, कारण गुलामीतून सुटलेली बहुसंख्य माणसं जनगणनेत पहिल्यांदा नावाने येतात ती तेव्हा, आणि १८५० व १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. मधली फट बुजवायला १८६६ ची एकत्र राहणाऱ्या मुक्त झालेल्या जोडप्यांची नोंदवही आणि फ्रीडमन्स ब्युरोचे (गुलामीतून सुटलेल्यांसाठीचं सरकारी खातं) कागद बघायचे, नोंदवही काही मोजक्याच काउंट्यांची शिल्लक आहे.

तुमचा पूर्वज किंग कार्टरचा नसून पिट्सिल्व्हेनियाचा साधा शेतकरी निघाला तरी त्याच्या बापाच्या कराच्या यादीत गुलामांचा आकडा आहे का ते बघा. असेल तर त्या बापाच्या इन्व्हेंटरीतलं (मरणानंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीतलं) प्रत्येक नाव वेगळ्या पानावर घ्या, वर्ष, जागा, आईचं नाव आणि पुढे कुणाच्या वाट्याला गेली ते लिहा, आणि ते सगळं लोकांना सापडेल असं ऑनलाइन ठेवा. कुणीतरी १८७० पासून मागे येत तेच नाव शोधत असतं.

व्हर्जिनियाची_सून

कराच्या यादीत आकडा आहे, चार. नावं अजून नाहीत. सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं, भावाशी त्या आजच बोलतायत. पिट्सिल्व्हेनियाला जाणं लगेच जमणार नाही, तोवर इथे बसून काय करता येईल?

दप्तरखाना

चॅन्सरीच्या इंडेक्समध्ये पिट्सिल्व्हेनिया आणि हॅलिफॅक्स दोन्ही टाकून आडनाव वादी-प्रतिवादी दोन्हीकडे शोधा, १८३२ च्या आधीची पाच-दहा वर्षं धरा, वाटणी झालीय म्हणजे बाप त्याच सुमारास वारलाय. इन्व्हेंटरी साधारण मृत्युपत्रांच्याच वहीत असते, मृत्युपत्र केलं नसलं तरी इन्व्हेंटरी होऊ शकते म्हणून फक्त मृत्युपत्रांचा इंडेक्स बघून थांबू नका. आणि काउंटीच्या मायक्रोफिल्म लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया दुसऱ्या लायब्रऱ्यांना पाठवते, तुमच्या गावच्या लायब्ररीत इंटरलायब्ररी लोनचा अर्ज भरा, त्यात काउंटी, वहीचं नाव आणि साल लिहा.